प्रत्यारोपणानंतर पायावर न दुखणारी गाठ, रिपोर्टमध्ये बुरशी. कोणाला अनुभव आहे का?

शेवंती · सोमवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबांचं वय ६३. चार वर्षांपूर्वी किडनी प्रत्यारोपण झालं, किडनी उत्तम चालते. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम रोज. पाचेक महिन्यांपूर्वी उजव्या नडगीवर, घोट्याच्या वर चार बोटं, एक बारीक गाठ आली. दुखत नव्हती, खाजत नव्हती, ताप नाही. केस आत वळला असेल म्हणून आम्ही सोडून दिलं. ती हळूहळू सुपारीएवढी झाली. फॅमिली डॉक्टरांनी गळू समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले, ढिम्म फरक नाही. मग चिरा देऊन पू काढला, तपासायला पाठवला, दोन दिवसांत रिपोर्ट: "वाढ नाही". आम्ही खूश! महिनाभरात गाठ परत जागेवर. शेवटी सर्जननी ती अख्खी काढली आणि परवा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला. तपकिरी रंगाचे, पडदे असलेले बुरशीचे तंतू, फिओहायफोमायकोसिस असावा, कल्चरशी ताडून पाहावे.

आता कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून पाहणं, करायचं कशावर? अख्खी गाठ फॉर्मालिनच्या बाटलीत गेलेली.

त्वचेच्या डॉक्टर म्हणतात बुरशीचं औषध, इट्राकोनॅझोल, सुरू करू. किडनीचे डॉक्टर म्हणतात थांबा, आधी टॅक्रोलिमसचं काय करायचं ते ठरवू. बाबा म्हणतात, "गाठ काढली ना, मग औषध कशाला?" खरं सांगायचं तर हा प्रश्न मलाही पडलाय. कोणी यातून गेलंय का? पुढच्या भेटीत नेमकं काय विचारू?

चिकित्सक_चिंगी · सोमवार, रात्री ९:३७

अनुभव नाही, पण वाचतेय. बाबांना लवकर बरं वाटो. रोगाचं नाव वाचूनच घाबरायला झालं.

काचपट्टी · सोमवार, रात्री १०:४०

शेवंतीताई, मी मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये बुरशीच्या टेबलावर बसतो. डॉक्टर नाही, तेव्हा उपचारांवर बोलणार नाही. नमुन्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तुमची गोष्ट मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो.

नावाला घाबरू नका. फिओ म्हणजे काळपट, हायफा म्हणजे तंतू. काळ्या तंतूंच्या बुरशीचा आजार, एवढाच अर्थ. या बुरशींच्या भिंतीत मेलॅनिन असतं, आपल्या कातडीत असतं तशाच जातीचं काळपट रंगद्रव्य. अल्टरनेरिया, एक्सोफियाला, कर्व्ह्युलेरिया ही त्यातली नेहमीची मंडळी. माती, कुजकं लाकूड, पालापाचोळा ही त्यांची घरं. नाव भारदस्त असलं तरी या रिपोर्टमधून एवढंच कळतं की बुरशी काळ्या गटातली आहे. नेमकी कोणती, ते स्लाइडवरून सांगता येत नाही. त्यासाठी ती वाढवावी लागते.

आणि घोडं पेंड खातं ते इथेच. फॉर्मालिन पेशी जशाच्या तशा टिकवतं, कारण ते सगळं मारून टाकतं. बुरशीसुद्धा. त्या बाटलीतून आलेल्या तुकड्यावर आम्ही वर्षभर बसलो तरी काही उगवणार नाही. म्हणून तुकड्याचे दोन भाग करायचे. एक फॉर्मालिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये आमच्याकडे. एका मिनिटाचं काम आहे. पण ऑपरेशन थिएटरमध्ये फॉर्मालिनची बाटली आधीच भरून ठेवलेली असते आणि सवयीने सगळं तिच्यात जातं.

दुसरी गंमत त्या "वाढ नाही" रिपोर्टची. तो जिवाणूंचा होता. जिवाणूंच्या प्लेट दोन दिवसांत पाहून टाकून देतात. बुरशीची प्लेट आम्ही चार आठवडे ठेवतो आणि ती लावायची तर फॉर्मवर "बुरशी कल्चर" असं वेगळं लिहून यावं लागतं. नाही लिहिलं तर लावत नाहीत. तेव्हा तो रिपोर्ट खोटा नव्हता, फक्त तुमच्या प्रश्नाचं उत्तर तो नव्हताच.

सगळं हातचं गेलेलं नाही. पॅथॉलॉजीत तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक जपून ठेवलेला असतो. त्यातून बुरशीचा डीएनए काढून ओळख पटवता येते. ताज्या तुकड्याइतकं यश येत नाही, तरी विचारून पाहा. आणि पॅथॉलॉजिस्टना सांगा की त्याच ब्लॉकचे आणखी काप घेऊन आत लाकडाची किंवा काट्याची कुसळ दिसते का ते बघा. अशा गाठींच्या पोटात ती कधीकधी सापडते.

बिनधास्त_बाळू · सोमवार, रात्री ११:०२

एवढं काय घाबरायचं? बुरशी म्हणजे नायटाच ना शेवटी. मला मांडीला झाला होता, मेडिकलमधून ती तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब आणली, चार दिवसांत खाज गायब. काकांनाही लावून बघा. डॉक्टर लोक साध्या गोष्टीचा बाऊ करतात.

उंबरठा · मंगळवार, सकाळी ७:२०

बाळू, रागावू नका, पण हा सल्ला इथून खोडता आला असता तर खोडला असता.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे कोणाचंही निदान करणार नाही, मात्र काही गोष्टी सर्वांच्या कामाच्या आहेत. त्या ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषध, अँटिबायोटिक आणि एक तगडं स्टेरॉइड असतं, बहुतेकदा क्लोबेटासोल. खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. लाली उतरते, खपली पडते, माणूस खूश. खाली बुरशी मजेत पसरत असते, कारण तिला अडवणारी त्या जागेची प्रतिकारशक्तीच आपण झोपवलेली असते. नायट्याची गोल कड पुसली जाते आणि तो नायट्यासारखा दिसेनासा होतो. १९६८ साली या प्रकाराला टिनिया इनकॉग्निटो असं नाव मिळालं. वेष पालटलेला नायटा म्हणा.

साध्या माणसात हे निस्तरता येतं. प्रत्यारोपण झालेल्यांत हीच नायट्याची बुरशी केसांच्या मुळांतून खाली उतरते आणि नडगीवर लालसर, टणक गाठी येतात. त्याला मायोकी ग्रॅन्युलोमा म्हणतात. इटलीच्या डोमेनिको मायोकी यांनी १८८३ मध्ये तो वर्णिला. म्हणजे "नायटाच ना शेवटी" हे वाक्यसुद्धा अशा माणसाबाबत दिलासा देणारं नाही. नखांची, पायाच्या बेचक्यांची बुरशी आपण वर्षानुवर्षं चालवून घेतो. औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेल्यांनी ती चालवून घेऊ नये.

आता शेवंती, तुमच्या बाबांचा प्रश्न. प्रश्न अगदी रास्त आहे. काळ्या बुरशीची एकच, नीट गुंडाळलेली गाठ असेल आणि माणूस धडधाकट असेल, तर गाठ काढणं हाच पुष्कळदा पुरेसा उपचार ठरतो. प्रत्यारोपणवाल्यांत मात्र आजूबाजूला राहिलेले चार तंतूही पुन्हा डोकं वर काढू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेसोबत औषध देण्याकडे कल असतो. हे औषध आठवड्यांचं नसून महिन्यांचं असतं.

किडनीच्या डॉक्टरांचं "थांबा" हेसुद्धा आडमुठेपणाचं नाही. इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल ही सगळी मंडळी यकृतातलं एक विकर अडवतात, सीवायपी३ए४ नावाचं. टॅक्रोलिमसचा निचरा त्याच विकराकडून होतो. निचरा थांबला की रक्तातली पातळी चढते आणि नवीन किडनीलाच इजा होते, हात थरथरतात, साखर वाढते. म्हणून बुरशीचं औषध सुरू करतानाच टॅक्रोलिमसचा डोस कमी करायचा आणि पातळी वरचेवर मोजायची. पुढच्या भेटीत या दोन डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. निरोप्याचं काम तुम्ही करू नका.

आणखी एक, जे हमखास राहून जातं. सहा महिन्यांनी बुरशीचं औषध बंद होतं, सगळे निःश्वास टाकतात आणि टॅक्रोलिमस त्या कमी डोसवरच राहतं. विकर मोकळं झालेलं असतं, पातळी घसरते आणि शरीर किडनी नाकारू लागतं. थांबवण्याच्या तारखेलाही पातळी मोजायची, हे आजच वहीत लिहून ठेवा.

बिनधास्त_बाळू · मंगळवार, सकाळी ८:०५

ओके मॅडम, माघार. पण माझा नायटा परत आलाय हे खरंय. :( बघून घेतो कोणालातरी.

गुलाबकाटा · मंगळवार, दुपारी १:३०

माझं टोपणनाव कशावरून पडलं ते आज सांगूनच टाकते.

मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. तीन वर्षांपूर्वी आजार उसळला होता म्हणून स्टेरॉइडचा मोठा डोस चालू होता. त्या काळात बागेत गुलाब छाटताना बोटाला काटा लागला. लागतोच. तीन आठवड्यांनी तिथे एक फोड आला, फुटला, जखम काही भरेना. मग मनगटावर एक गाठ, मग हाताच्या मधोमध एक, मग कोपराखाली एक. दोऱ्यात मणी ओवावेत तशा एका रेषेत, आणि हात लावला की मधली शीर दोरीसारखी लागायची.

पहिल्या ठिकाणी सांगितलं, ल्युपसच आहे, त्वचेखालच्या चरबीत उतरलाय. स्टेरॉइड वाढवलं. गाठी आणखी फुलल्या. दुसऱ्या ठिकाणी बायोप्सी झाली. त्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचा पुंजका, दिसला, जंतू एकही दिसला नाही. मग क्षयाची औषधं सुरू करायचं ठरत होतं. नशीब असं की बायोप्सी करणाऱ्या तरुण डॉक्टरबाईंनी न सांगता अर्धा तुकडा सलाईनमध्ये टाकला होता. नवव्या दिवशी लॅबमधून फोन: स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी. इट्राकोनॅझोल आठ महिने घेतलं. हातावर आता फिकट डागांची रांग आहे, बाकी काही नाही.

शेवंती, तुमच्याकडे निदान तंतू दिसले तरी. माझ्या स्लाइडवर तेही नव्हते.

काचपट्टी · मंगळवार, दुपारी २:१५

गुलाबकाटा, त्या डॉक्टरबाईंना माझा नमस्कार कळवा! स्पोरोथ्रिक्स तुकड्यात इतकी विरळ असते की स्लाइडवर न दिसणं हेच नेहमीचं. तिथे कल्चरच खरं. आणि एका रेषेतल्या गाठी या लसिकावाहिनीच्या (लिम्फच्या नळीच्या) वाटेने चढतात. तीच वाट काही जिवाणूही धरतात, नोकार्डिया किंवा पाण्यातले मायकोबॅक्टेरिया. त्यांची औषधं पूर्ण वेगळी. नजरेने फरक करता येत नाही.

अवांतर: या बुरशीचा पहिला रुग्ण बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये बेंजामिन शेंक यांनी १८९८ साली छापून आणला. पण तिचा सर्वात मोठा प्रताप दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींतला, १९४१ ते १९४४. जवळजवळ ३,००० खाणकामगारांना लागण झाली. बुरशी होती खाणीला टेकू दिलेल्या लाकडांवर. उबदार, दमट बोगदा, आणि येता-जाता उघड्या हातापायांना घासणारी लाकडं. ते कामगार तर चांगले तगडे होते.

चिकित्सक_चिंगी · मंगळवार, दुपारी ४:४८

मग माझा बाळबोध प्रश्न. ही बुरशी मातीत, लाकडावर, सगळीकडे आहे. काटे आपल्या सर्वांना लागतात. मग आपण सगळे रोज आजारी का पडत नाही?

काचपट्टी · मंगळवार, रात्री ९:५०

प्रश्न बाळबोध मुळीच नाही, यावर लोकांनी हयात घातली आहे.

पहिलं उत्तर फार साधं आहे: आपण गरम आहोत. बहुतेक बुरशींना २५ ते ३० अंशांत सुख असतं. व्हिन्सेंट रॉबर्ट आणि आर्तुरो कासादेव्हाल यांनी २००९ मध्ये हजारो बुरशींची तपमानं तपासली. ३० ते ४० अंशांच्या पट्ट्यात दर एका अंशामागे सुमारे ६ टक्के बुरशी गळत जातात. ३७ अंशांचं शरीर म्हणजे त्यांच्यासाठी भट्टीच. पण हातापायांची कातडी आतल्या शरीरापेक्षा काही अंशांनी थंड असते. नडगी, बोटं, घोटा, नाकाचा शेंडा. काळ्या बुरशीच्या गाठी नेमक्या तिथेच का येतात, याचं निम्मं उत्तर त्यात आहे. स्पोरोथ्रिक्सवर तर जागेवर ऊब देणं हाही एक जुना उपाय आहे, गोळ्या घेता येत नाहीत अशांसाठी.

दुसरं उत्तर पहारेकऱ्यांचं. काटा आत गेला की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आधी धावतात आणि तंतूंवर तुटून पडतात. मागून टी-पेशी येतात आणि बाकीच्या फौजेला कामाला लावतात. कोणता पहारेकरी गैरहजर आहे त्यावर कोणती बुरशी घुसेल ते ठरतं. केमोने न्यूट्रोफिल संपले की फ्युजेरियम, ॲस्परजिलस, कँडिडा. एचआयव्हीत टी-पेशी घटल्या की क्रिप्टोकॉकस, हिस्टोप्लाझ्मा, टॅलरोमायसिस. मधुमेहात साखर आणि आम्ल दोन्ही चढले की म्युकर. प्रत्यारोपणवाल्यांत या यादीतलं थोडं थोडं सगळंच.

परतवाट · मंगळवार, रात्री ११:३३

फ्युजेरियम हे नाव इथे वाचलं म्हणून लिहितोय. नाहीतर लिहिणार नव्हतो.

धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग होता. केमोच्या दुसऱ्या फेरीनंतर न्यूट्रोफिल शून्यावर. त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख आधीपासून पिवळं, जाडसर होतं. कोणी पाहिलं नाही, आम्ही दाखवलं नाही. नखाच्या कडेला लाली आली, दुखायला लागलं. ताप आधीपासून होताच, सगळ्यांचं लक्ष तापाकडे. दोन दिवसांत हातापायांवर लाल-जांभळे, दुखरे फोड, प्रत्येकाच्या मधोमध काळा ठिपका. एका रात्रीत दहा-बारा. रक्ताच्या कल्चरमध्ये बुरशी आली. औषधं लगेच सुरू झाली. पेशी मात्र वर आल्याच नाहीत. तो राहिला नाही.

सांगायचं एवढंच की शेवंतीताईंच्या बाबांची गाठ पाच महिने घेते आणि हे दोन दिवस. केमो चालू असलेल्या कोणाच्या अंगावर अचानक दुखरे फोड उठले तर सकाळची वाट पाहू नका. आणि केमोच्या आधी पायाची नखं दाखवा. वेड्यासारखं वाटलं तरी दाखवा.

शेवंती · बुधवार, सकाळी ६:५५

परतवाट, काय लिहू. तुम्ही हे लिहिलंत त्यासाठी धन्यवाद. रात्रीच बाबांची नखं बॅटरी लावून पाहिली.

उंबरठा · बुधवार, सकाळी ७:४०

परतवाट, तुमचं दुःख मी समजू शकते असं म्हणणार नाही. नखांबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. पुष्कळ विभागांत केमोपूर्व तपासणीत पायांकडे कोणी बघत नाही.

वेगाचा मुद्दा आलाच आहे तर पुढे नेते. कातडीवरचा बदल दोन अर्थांनी येतो. एकतर बुरशी बाहेरून आत शिरली आहे, काट्यातून, जखमेतून, सलाइनच्या सुईच्या जागेतून. किंवा ती आधीच फुप्फुसातून रक्तात गेली आहे आणि कातडीवर फक्त उमटली आहे. दुसऱ्या प्रकारात कातडीवर मलम लावत बसणं म्हणजे घराला आग लागलेली असताना खिडकीची काच पुसणं.

क्रिप्टोकॉकस याचं उत्तम उदाहरण. एचआयव्ही खूप वाढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मोत्यासारख्या, मध्ये खळगा असलेल्या पुळ्या येतात. लहान मुलांना होणाऱ्या मोलस्कमसारख्या हुबेहूब, तेव्हा बघणारा सहज "विषाणू आहे, जाईल" म्हणतो. प्रत्यारोपणवाल्यांत हाच क्रिप्टोकॉकस पायावर लाल, गरम सूज होऊन येतो आणि साध्या सेल्युलायटिससारखा, म्हणजे कातडीखालच्या जिवाणू संसर्गासारखा, दिसतो. अँटिबायोटिकने न उतरणारा सेल्युलायटिस, असं ऐकलं की माझे कान टवकारतात. अशा वेळी रक्तातली क्रिप्टोकॉकसची अँटिजेन चाचणी करतात आणि पाठीतून पाणी काढून मेंदूपर्यंत पोचला का तेही पाहतात. डोकं दुखत नसलं तरी.

खळगा असलेल्या तशाच पुळ्या टॅलरोमायसिस मार्नेफायही देतो. ही बुरशी १९५६ मध्ये व्हिएतनाममध्ये बांबूत राहणाऱ्या उंदरांत सापडली. आग्नेय आशिया, दक्षिण चीन आणि ईशान्य भारतात, विशेषतः मणिपुरात, ती आढळते. म्हणून डॉक्टर "पूर्वी कुठे राहत होता, कुठे नोकरी केली" असं विचारतात तेव्हा त्या चांभारचौकशा नसतात. दहा वर्षांपूर्वीची बदलीसुद्धा सांगा.

म्युकरची मात्र धास्ती बाळगावी. जखमेची कड काळी पडणं, आणि तो काळेपणा तासातासाला सरकणं. तिथे शस्त्रक्रिया आणि ॲम्फोटेरिसिन हे बुरशीचं औषध त्याच दिवशी लागतं, आणि व्होरिकोनॅझोल तिथे चालतच नाही. आता कळलं असेल की "बुरशी आहे" एवढ्यावर का भागत नाही. एका बुरशीचं रामबाण औषध दुसरीपुढे पाण्यासमान.

काचपट्टी · बुधवार, दुपारी १२:१०

म्युकरवरून आठवलं. २०११ साली अमेरिकेत जॉप्लिन गावावर टॉर्नेडो वादळ आलं, तेव्हा उडालेलं लाकूड-माती अंगात घुसून १३ जणांना कातडीचा म्युकर झाला, त्यातले ५ दगावले. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या दशकाच्या शेवटी, रुग्णालयांतल्या चिकट बँडेजमधूनच रायझोपस ही म्युकरच्याच गटातली बुरशी पसरली होती. जखम झाकायची पट्टीच बुरशी घेऊन आलेली! सुई किंवा कॅथेटरवरची पट्टी भिजली, मळली की बदलायला सांगा, त्याखाली काळपट डाग दिसला तर त्याच क्षणी दाखवा.

लॅबवाल्यांसाठी टीप, इथे कोणी असेल तर: म्युकरचा संशय असलेला तुकडा खलात कुटू नका. तिच्या तंतूंना आडवे पडदे जवळजवळ नसतात, कुटले की फुटून मरतात आणि कल्चर कोरडं येतं. बारीक कापून लावा.

गुलाबकाटा · बुधवार, दुपारी ३:२६

औषधाबद्दल माझी चूक सांगते. इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या असतात, पोटात आम्ल असेल तरच त्या विरघळतात. मी स्टेरॉइडमुळे ॲसिडिटीची गोळी रोज घेत होते. दीड महिना गाठी हलेनात. रक्तातली पातळी तपासली तर नावालाच. मग पातळ औषध दिलं. ते उलट रिकाम्या पोटी घ्यायचं असतं. बाबा ॲसिडिटीची गोळी घेतात का, बघा.

उंबरठा · बुधवार, रात्री ८:१२

+१. शिवाय हृदय कमजोर असेल तर इट्राकोनॅझोल जपून, आणि कोलेस्टेरॉलची सिम्व्हास्टॅटिन चालू असेल तर ती थांबवावी लागते, नाहीतर स्नायूंना इजा होते. सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जा. व्होरिकोनॅझोल दीर्घकाळ दिलं तर कातडी उन्हाने भाजते आणि प्रत्यारोपणवाल्यांत कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो, तेव्हा ते घेणाऱ्यांनी उन्हापासून जपायचं.

शेवंती · पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०:०५

धागा वर काढतेय, खबर द्यायला.

ॲसिडिटीची गोळी, ओमेप्राझोल, चालू होतीच! सगळ्या गोळ्या पिशवीतून टेबलावर ओतल्या तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनाच दोन नवीन सापडल्या. दोघा डॉक्टरांचं आमच्यासमोर फोनवर बोलणं झालं, पाच मिनिटांत ठरलं. आमचे तीन आठवडे निरोप पोचवण्यात गेले होते.

त्याच भेटीत त्वचेच्या डॉक्टरांना जुन्या टाक्यांशेजारी हरभऱ्याएवढी नवीन गाठ लागली. मी आधीच घाबरून विचारलं, "सलाईनमध्ये अर्धी टाकाल ना?" त्या हसल्या, म्हणाल्या, "बाटली मीच आणलीये." फॉर्मवर "बुरशी कल्चर, रुग्ण प्रत्यारोपण झालेला" असं त्यांनी ठळक लिहिलं. बाराव्या दिवशी लॅबचा निरोप: एक्सोफियाला. छातीचा स्कॅन स्वच्छ आहे, इतर कुठे काही नाही.

इट्राकोनॅझोल पातळ स्वरूपात सुरू झालंय. टॅक्रोलिमस निम्म्याहून कमी केलं, पहिले दोन आठवडे दर तीन दिवसांनी पातळी. एकदा तरीही चढली आणि बाबांचे हात थरथरायला लागले, चहाचा कप हिंदकळायचा. परत कमी केलं, आता बरं आहे. बुरशीच्या औषधाचीही पातळी मोजली, पुरेशी आली.

आणि काचपट्टी, तुमची कुसळ सापडली! पॅथॉलॉजिस्टनी जुन्या ब्लॉकचे आणखी काप घेतले, एकात लाकडाचा बारीक धागा निघाला. मग बाबांना आठवलं, जुन्या लाकडी शिडीवरून उतरताना नडगी खरवडली होती. गाठ यायच्या तीनेक महिने आधी. तेव्हा रक्तसुद्धा फारसं आलं नव्हतं म्हणे.

काचपट्टी · रविवार, सकाळी ११:३०

वा! वा! वा! एक्सोफियाला आधी ओलसर, काळी, यीस्टसारखी उगवते आणि मग तिच्यावर मखमल चढते. फार देखणी दिसते. लॅबवाल्यांकडे प्लेटचा फोटो मागा, देतात. एक चौकशी: औषध कधी थांबवायचं ते ठरलं का? आणि थांबवताना टॅक्रोलिमसची पातळी?

शेवंती · रविवार, दुपारी १२:४४

निदान सहा महिने, मग गाठींची जागा बघून पुढचं. थांबवायच्या दिवसाची पातळी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत आहे.

फोटो मिळाला. नखाएवढा काळा ठिपका, डांबराच्या थेंबासारखा. बाबांना दाखवला तर म्हणाले, "एवढीशी? आणि हिच्यासाठी मी सहा महिने औषध घ्यायचं?"

काचपट्टी · रविवार, दुपारी १२:५८

काकांना सांगा, एवढीशी व्हायलाच तिला बारा दिवस लागलेत. घाई तिलाही नाहीये.